टोपी कोणाची?

उर्दू शाळेत शिकवणाऱ्या आणि पश्चिम महाराष्ट्रात राहणाऱ्या माणसाला एका शब्दाची गंमत रोज अनुभवायला मिळते. शाळेत आम्ही ‘तालीम’ म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर फळा, खडू, हजेरीपट आणि बोर्डाचा निकाल येतो. शाळा सुटल्यावर मोहल्ल्याच्या तोंडाशी कोणी ‘तालीम’ म्हणाले की तांबडी माती, लंगोट, जोर-बैठका आणि घामाचा वास येतो. शब्द एकच, अरबीतून आलेला, अर्थ शिकवण. उर्दूने तो वर्गात ठेवला, मराठीने मातीत नेला. ‘उस्ताद’चेही तसेच झाले. मराठीत आला आणि वस्ताद झाला. या दोन तालमी एकमेकींना ओळखत नाहीत, याची खंत आम्हाला कधी वाटली नव्हती. ती वाटायला लागली एका रेल्वेप्रवासानंतर.

तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मिरजेहून कोल्हापूरकडे जाणारी संध्याकाळची पॅसेंजर. आमच्या मांडीवर नववीच्या सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. समोरच्या बाकावर एक वृद्ध पेरूवाले, पायाशी रिकामी पाटी, डोक्यावर जाळीची पांढरी टोपी. जयसिंगपूरला चार तरुण चढले. थोडा वेळ आपसात हसले, मग एकाने सहज हात घालून म्हाताऱ्याची टोपी उचलली आणि दुसऱ्याकडे फेकली. दुसऱ्याने तिसऱ्याकडे. म्हातारबाबा आधी हसले, मग हात पुढे करून बसून राहिले. त्यांचा हात तसाच राहिला आणि टोपी डब्यात फिरत राहिली.

आम्ही काय केले? आम्ही हिशोब केला. ते चार, आम्ही एक. दिवस तसे तापलेले. आपण बोललो तर प्रकरण वाढेल, उद्या पेपरात येईल, शाळेचे नाव येईल. तेव्हा सब्र करावा. असा विचार करून आम्ही खिडकीबाहेर पाहू लागलो.

शेवटी दाराजवळ टोपल्यावर बसलेली एक भाजीवाली उठली. तिने कमरेवर हात ठेवून असा आवाज लावला की अख्खा डबा वळला. “ए पोरा, टोपी दे त्या म्हाताऱ्याची! तुझ्या बानं आणून दिलीया व्हय?” डबा तिच्याकडे बघतो आहे म्हटल्यावर पोरांचा नूर उतरला. टोपी म्हाताऱ्याच्या मांडीवर पडली. हातकणंगल्याला चौघे उतरून गेले. मग ती बाई आमच्याकडे वळली. गठ्ठा तिने पाहिलेला होता. म्हणाली, “आन् मास्तर, तुमी वो? शाई सांडंल म्हून बसला व्हय गप?”

घरी येऊन आम्ही बायकोला हा प्रसंग सांगितला. भाजीवालीचे शेवटचे वाक्य अर्थातच वगळले. आज आपण मोठा सब्र केला, अशा सुरात सांगितला. तिने चहा गाळता गाळता एवढेच विचारले, “टोपी तुमची होती का?”

त्या प्रश्नाने आमची झोप घालवली, असे लिहिले तर ते खोटे होईल. आम्ही नेहमीसारखेच झोपलो. पण प्रश्न गेला नाही. बाहेरून पाहणाऱ्याला सब्र आणि भीती सारख्याच दिसतात. दोघांतही माणूस गप्प बसलेला असतो. मग फरक कोणी आणि कशावरून करायचा?

पहिले उत्तर आम्हाला सोपे वाटले. ज्याला मारता येते आणि तरी जो मारत नाही त्याचा सब्र खरा. ज्याला मारताच येत नाही त्याने सब्राचे नाव घेऊ नये. याला आधारही भरपूर. बलवान कोण, जो कुस्तीत दुसऱ्याला पाडतो तो नव्हे, रागाच्या वेळी जो स्वतःला आवरतो तो, या आशयाची हदीस आपल्या प्रत्येक मुलाला पाठ असते. हजरत अलींची ती गोष्टही सर्वांना माहीत आहे. मौलाना रूमींनी ती मसनवीत सांगितली आहे. लढाईत शत्रूला खाली पाडले, तो तोंडावर थुंकला, आणि अलींनी तलवार बाजूला केली. आता मारले तर ते स्वतःच्या रागासाठी होईल म्हणून. आम्ही आलिम नाही, मास्तर आहोत. पण मास्तराच्या सवयीने एक गोष्ट खटकली. आपण मुलांना ही कथा सांगताना तलवार बाजूला करण्यापासून सुरुवात करतो. कथा त्याच्या आधी सुरू होते. आधी त्यांनी शत्रूला पाडलेले आहे. ते पाडणे आपल्या तालमीतून, म्हणजे फळ्याच्या तालमीतून, कधीच गळून गेले आहे.

याच सुमारास वाचनात एक जपानी शाळामास्तर आला. गिचिन फुनाकोशी. जन्म १८६८ चा, ओकिनावा बेटावरचा. आयुष्याची बरीच वर्षे त्याने प्राथमिक शाळेत मुले शिकवली आणि रात्री कंदिलाच्या उजेडात गुरूंकडे कराटे गिरवले. १९२२ साली तो ही विद्या दाखवायला टोकियोला गेला आणि तिथेच राहिला. पुढे ती जगभर पसरली, आपल्या तालुक्याच्या गावापर्यंत आली. पांढऱ्या कपड्यातली जी मुले रविवारी सकाळी मैदानावर ओरडताना दिसतात त्यांच्या कुळाचा एक मूळपुरुष हा मास्तर. कराटे म्हणजे रिकामा हात. त्याची एक शिकवण अशी की कराटेत पहिला हात नसतो. आधी आपण मारायचे नाही. त्याच्या शाखेत शिकवल्या जाणाऱ्या ठरीव हालचालींची सुरुवात वार अडवण्यानेच होते.

त्याच्या आत्मकथनात दोन प्रसंग आहेत. तरुणपणी तो सासुरवाडीला चालला होता. पूर्वजांच्या देव्हाऱ्यात ठेवायला गोड वड्या घेतल्या होत्या. वाटेत दोघांनी अडवले. दोघांना लोळवणे त्याला अवघड नव्हते. त्याने वड्या देऊन टाकल्या. हे कळल्यावर एका गुरूने शाबासकी दिली, तुला शिकवण्यात गेलेला वेळ सार्थकी लागला म्हणून. दुसऱ्याने विचारले, मग देव्हाऱ्यात काय ठेवलेस? तो म्हणाला, मनापासून प्रार्थना केली. गुरू खूश झाले. दुसरा प्रसंग म्हातारपणाचा, महायुद्ध संपल्यानंतरच्या उपासमारीच्या दिवसांतला. वय ऐंशीच्या घरात. रात्री एका लुटारूने गाठले. म्हाताऱ्याने त्याला अशा नाजूक जागी धरले की तो हलू शकला नाही, आणि गस्तीच्या पोलिसाच्या ताब्यात दिला. दुसरा कोणी असता तर हा पराक्रम चार ठिकाणी सांगितला असता. फुनाकोशीने लिहिले की त्याला स्वतःची लाज वाटली. जे करू नका असे आयुष्यभर शिष्यांना सांगितले तेच आपल्या हातून झाले.

हे वाचून आमचे पहिले उत्तर आणखी पक्के व्हायला हवे होते. पण ते तिथेच डळमळले. कारण हजरत बिलाल आठवले. तापलेल्या वाळूवर, छातीवर दगड, आणि मुखात ‘अहद, अहद’. त्यांच्याकडे उलटून मारण्याची कोणती ताकद होती? ते गुलाम होते. मग त्यांचा सब्र खोटा म्हणायचा? तसे म्हणण्याची कोणाची छाती आहे? आमच्या स्वतःच्या आईने आयुष्यात जे सोसले ते तिला कुस्ती येत नव्हती म्हणून सोसले, त्याला काही किंमत नाही, असेही आम्ही म्हणू शकत नाही. १९३० च्या एप्रिलमध्ये पेशावरच्या किस्सा ख्वानी बाजारात खान अब्दुल गफार खानांचे पठाण नि:शस्त्र उभे राहिले, गोळ्या झेलल्या. बंदूक हे ज्यांच्या घरातले रोजचे भांडे अशी ती माणसे. त्यांचा संयम थोरच, आणि गोळी झाडायला नकार देणाऱ्या गढवाली शिपायांचाही. पण बिलाल यांचा त्याहून कमी, असे कुठल्या मापाने ठरवायचे? तेव्हा ताकद हे सब्राचे माप नव्हे. ताकद असली तर सब्राची परीक्षा होते, एवढेच.

मग माप कोणते? ते आमच्या बायकोने चहा गाळताना सांगितले होते. बिलाल यांनी जे सोसले ते स्वतःच्या अंगावर सोसले. फुनाकोशीने वड्या दिल्या त्या स्वतःच्या. हजरत अलींच्या तोंडावरची थुंकी त्यांची स्वतःची. स्वतःवरचा वार सोडून देण्याचा हक्क माणसाला आहे. ज्याची टोपी त्याने ती सोडावी, माफ करावे, हसून घालवावे, त्याला आपण सब्र म्हणू. पण त्या दिवशी डब्यात आम्ही दुसऱ्याची टोपी सोडून दिली. पेरूवाल्या बाबांच्या वतीने माफी देण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला होता? दुसऱ्याचा अपमान सहन करण्याला कुठल्याच भाषेत सब्र म्हणत नाहीत. आम्ही तो शब्द उसना आणून आपल्या भीतीवर पांघरला होता.

गंमत म्हणजे कायद्यालाही हे ठाऊक आहे. जुन्या भारतीय दंड संहितेत ९६ ते १०६ या कलमांत स्वसंरक्षणाचा हक्क होता. १ जुलै २०२४ पासून तोच भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ या कलमांत आला. त्यातले ३५ वे कलम स्वतःच्या शरीराबरोबरच ‘इतर कोणत्याही व्यक्तीच्या’ शरीराचेही रक्षण करण्याचा हक्क देते. नातेवाईक असलाच पाहिजे, आपल्या जमातीचा असलाच पाहिजे, अशी अट नाही. अट आहे ती ३७ व्या कलमात. बचावापुरतेच, जास्त नाही, आणि पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ असेल तर हा हक्क नाही. सर्वोच्च न्यायालयाने दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१० च्या निकालात हेही म्हटले की अंगावर धोका आलेल्या माणसाने आपला बचाव गणिती अचूकतेने मोजून करावा अशी अपेक्षा ठेवता येत नाही. आमच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या सहकाऱ्यांना आम्ही विचारले, हे मुलांना कधी शिकवता? ते म्हणाले, पाठ्यपुस्तकात नाही.

गामा पहिलवानाबद्दल सांगतात ते इथे आठवते. १९१० साली लंडनमध्ये झ्बिस्कोशी त्याची कुस्ती अडीच तासांहून जास्त चालली, हे पहिलवानकीच्या शौकिनांना पाठ असते. पण फाळणीच्या वेळी लाहोरात तो आपल्या गल्लीतल्या हिंदू शेजाऱ्यांसाठी जमावासमोर उभा राहिला आणि त्यांना सुखरूप वाटेला लावले, असे जे सांगितले जाते ते आम्हाला त्या कुस्तीहून मोठे वाटते. तालमीतल्या मातीचे चीज त्या दिवशी झाले.

आता प्रत्यक्ष शिकवण्याकडे येतो, कारण कल्पनेत सगळेच शूर असतात. मागच्या वर्षी आमच्या शाळेत मुलींसाठी तीन महिन्यांचा स्वसंरक्षण वर्ग झाला. समग्र शिक्षेखाली अशी योजना आहे. पालकसभेत कुजबुज झालीच. एक वालिद उठून म्हणाले, “सर, मुलीला हात उचलायला शिकवाल तर उद्या ती सासरी नांदेल का?” त्यांच्या मागे बसलेल्या त्यांच्याच मुलीच्या अम्मी पदराआड हसल्या. उत्तर आम्हाला सुचले नाही. वर्ग सुरू झाला.

शिकवायला येणाऱ्या बाई जवळच्या गावातल्या होत्या. आम्हाला वाटले, पहिल्या दिवशी ठोसा शिकवतील. त्यांनी ओरडायला सांगितले. पोटातून, पूर्ण आवाजात, ‘नाही!’ आमच्या नववीच्या पंचवीस-तीस मुली ओळीत उभ्या. एकीच्याही तोंडून आवाज निघेना. हसू निघाले, खोकला निघाला. बाईंनी तीन दिवस फक्त आवाजावर घालवले. आम्ही व्हरांड्यातून पाहत होतो आणि आम्हाला ती भाजीवाली दिसत होती. तिला कुणी कराटे शिकवले नव्हते. तिच्याकडे आवाज होता, आणि सगळ्यांच्या आधी तोंड उघडायची तयारी होती. आमच्याकडे दोन्ही नव्हते, आणि आम्ही तर बोलण्याचाच पगार घेतो.

दुसऱ्या आठवड्यात बाईंनी चिठ्ठ्या वाटल्या. नाव घालू नका, फक्त एवढे लिहा, कोणावर तुम्हाला ओरडता येणार नाही? रस्त्यावरचा गुंड कोणीच लिहिला नाही. चिठ्ठ्यांवर नाती होती. शेजारी होते, शिकवणीचे मास्तर होते. बाईंनी त्या चिठ्ठ्या मुलींसमोरच फाडल्या, पण आम्हाला हकीकत सांगितली. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे तेच सांगतात. बलात्काराच्या नोंदवलेल्या प्रकरणांत नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी ओळखीचे असतात. आपण मात्र मुलींना अंधाऱ्या गल्लीतल्या अनोळखी माणसासाठी तयार करतो. कॅनडातील तीन विद्यापीठांत सुमारे नऊशे विद्यार्थिनींचा एक अभ्यास झाला, तो २०१५ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. बारा तासांचे प्रशिक्षण घेतलेल्या मुलींपैकी वर्षभरात ५.२ टक्क्यांवर बलात्कार झाला. ज्यांना नुसती माहितीपत्रके दिली त्यांच्यात हे प्रमाण ९.८ टक्के होते. आणि त्या बारा तासांत हातापायांचे डाव हा एक भागच होता. ओळखीच्या माणसाकडून येणारा धोका ओळखणे, आणि ‘याला कसे नाही म्हणू’ ही मनातली अडचण ओलांडणे, हे त्यातले मुख्य काम.

ही अडचण घालतो कोण? आम्हीच. मोठ्यांसमोर आवाज चढवू नये, नजर खाली ठेवावी, ही तरबियत आपण घरात देतो आणि शाळेत पक्की करतो. आम्ही दिवसातून किती वेळा ‘खामोश!’ म्हणतो ते मोजले नाही, मोजायची हिंमत नाही. अदब वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. पण जी अदब मुलीच्या गळ्यावर पहारा देते आणि मामा-काकाच्या हातावर देत नाही, तिचा फेरविचार जमातीने केला पाहिजे.

मुलांचा प्रश्न वेगळा आहे आणि जास्त अवघड. मुलांना आवाज शिकवावा लागत नाही. दहावीतली दोन-चार मुले एकदा तास संपल्यावर थांबली. “सर, आम्हालाही शिकवा ना. आमच्यावर जमाव आला तर?” ही मुले मोबाईलवर काय पाहतात ते आम्हाला माहीत आहे. २०१४ च्या जूनमध्ये पुण्यात हडपसरला नमाजहून परतणाऱ्या एका तरुण संगणक अभियंत्याला जमावाने मारून टाकले. जानेवारी २०२३ मध्ये त्या खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले. हे मुलांना ठाऊक होते. त्यांना आम्ही काय सांगायचे? खरे सांगितले. वीस जणांपुढे कुठलीही विद्या चालत नाही. अशा वेळी पळता आले तर पळावे, आणि पळण्यात नामुष्की नाही, हे चांगले वस्तादही सांगतात. ते ऐकून मुले खट्टू झाली. त्यांना सिनेमातले उत्तर हवे होते. आणखी एक गोष्ट आम्ही सांगितली नाही, पण त्यांना ती माहीत असावी. लाठी-बनेटी एका मैदानावर फिरली तर ती परंपरा ठरते. दुसऱ्या मैदानावर फिरली तर चौकशी होते. मोहरमच्या सवारीपुढे ज्यांच्या आजोबांनी बनेटी फिरवली त्या मुलांना आज मैदान मागताना आम्हीच दहा वेळा विचार करतो.

तरी मुलांनी शिकू नये असे आमचे मत नाही. भीतीपोटी शिकलेला हात आधी उठतो, ही आमची काळजी आहे. त्याचा अनुभवही आला. आमचाच एक विद्यार्थी, तालमीत जाणारा, क्रिकेटच्या भांडणात समोरच्याचे नाक फोडून आला. बचाव वगैरे काही नव्हते, दोन कोंबड्यांची झुंज होती. आम्ही शाळेत त्याच्या वडिलांना बोलावले, लेखी घेतले, आमचे काम संपले. मोहल्ल्यातल्या वस्तादांनी त्याला तालमीतून काढले नाही. सहा महिने कुस्ती बंद, फक्त माती उकरायची. रोज पहाटे हौद्यातली माती उकरायची, ताक-लिंबू-हळद घालून मळायची, आणि दुसऱ्यांना खेळताना पाहायचे. ज्याचे नाक फोडले तोही पुढे त्याच तालमीत येऊ लागला. दोघांची जोड लावली का, विचारले तर वस्ताद म्हणाले, “लावली की. आता ह्याला त्याच्या अंगाची किंमत कळतीया.” आमच्या बी.एड.च्या पुस्तकांत शिक्षेवर एक मोठे प्रकरण होते. त्यात असे काही नव्हते.

तेव्हाच आम्ही वस्तादांना विचारले, छत्तिसाव्या वर्षी कोणाला घेता का? त्यांनी आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिले. म्हणाले, “मास्तर, कुस्ती हुणार न्हाई तुमच्याच्यानं. पर पडाय शिकवतो. या उद्या फजरनंतर.”

आता चार महिने झाले. अजून पडायलाच शिकतो आहोत. आमच्याच शाळेतली मुले आम्हाला रोज मातीवर पाडतात आणि ‘सर, लागलं का?’ म्हणून हात देतात. वर्गात ‘खामोश’ म्हणताना थोडी जीभ अडखळते, त्याचे कारण बहुधा हेच. मिरजेच्या गाडीने जाणे-येणे चालूच आहे. ती भाजीवाली दोनदा दिसली. आम्ही जागा करून दिली, ती बसली. बोलली मात्र नाही.